धक्क्याखालच्या फरश्या

१२ फेब्रुवारी

चिरंजीव टिल्ल्यास अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे ते आधी कळव. जिना उतरताना तोंडानं "काही नाही गं, काही नाही" चाललं होतं, पण चेहरा असा की कोणी चिमटा काढतंय. खोकला गेला का? तुमच्या काचेच्या तळाच्या होडीच्या तांडेलाची दाढ काढून झाली, की अजून गालाला रुमाल बांधूनच लोकांना मासे दाखवतोय? शिंपलेवाल्या बाईंचं नाक उन्हानं सोललं होतं, त्याला त्यांनी काही लावलं का? आणि ती तुझी एका कानाची मांजर, तिचे दिवस भरत आले होते. पिल्लं झाली असतील तर किती झाली आणि तुझ्या कुठल्या सदऱ्यावर झाली, तेही लिही.

इकडे सगळी मजेत आहेत. सूनबाईनं लाँड्री इतकी छान सांभाळली की परत आल्याचं मला थोडं वाईटच वाटलं. तुझा भाचा ट्रक घेऊन बाहेरगावी गेलाय. तो घरी असतो तेव्हाही झोपलेलाच असतो, म्हणून फारसा फरक पडत नाही. मी मात्र आल्यापासून डोलतेय. अंथरुणाला पाठ टेकली की होडीत बसल्यासारखं होतं. सूनबाई म्हणाली, "आई, आज तुम्ही इस्त्रीला हात लावू नका, कॉलरी वाकड्या होतायत."

इतकी वर्षं तू बोलवत होतास आणि इतकी वर्षं मी दुकानाचं निमित्त सांगत होते. मला आपलं वाटायचं, समुद्राची राखण करायला माणूस कशाला लागतो? कोण उचलून नेणार आहे? आता डोळ्यांनी पाहिलं तेव्हा कळलं की लोक खरंच उचलून नेतात. शिंपले नेतात, खडे नेतात, त्या पोरीनं तर जिवंत तारामासा टोपीत घातला होता. तू तिच्यासमोर वाकून काय बोललास ते ऐकू आलं नाही, पण तिनं तो इतक्या हळू पाण्यात सोडला की मलाच भरून आलं. तेवढं एक तुला जमतं हो.

पण माझी तक्रारही ऐकून घे. खडकातल्या डबक्यांजवळ तू हात मागे बांधून पुढे चालत होतास आणि पावलापावलाला "हात लावू नका, हात लावू नका". ठीक आहे. पण मला? मी जरा वाकून बघत होते तर चारचौघांत म्हणालास, "बाई, मागे व्हा." बाई! ज्या बाईनं तुला नाक दाबून अंघोळी घातल्या तिला! तांडेल रुमालाआडून हसत होता, मी पाहिलं.

दीपगृहाचा जिना कोणी बांधला त्याला एकदा भेटायचंय मला. वर पोचेपर्यंत माझ्यात बोलायचाही जीव उरला नव्हता, आणि तू मात्र लहान पोरासारखा कठड्याला टेकून, "अक्का, त्या काळ्या खडकापासून त्या टोकापर्यंत सगळं राखीव," असं सांगत होतास, जणू तुझ्या बापानं ठेवलंय. तुझं नाव टिल्ल्या आम्ही का ठेवलं कोण जाणे. त्या दारातून तुला वाकून जावं लागलं.

काचेच्या होडीत सगळे खाली मासे बघत होते आणि मी काच बघत होते. डाग पडलेत रे. वर्तमानपत्राचा बोळा ओला करून पुसायला सांग. संग्रहालयातला देवमाशाचा सांगाडा भव्य आहे, त्याबद्दल वाद नाही, पण बरगड्यांवर इतकी धूळ की त्यात बोटानं हिशेब लिहावा. खारफुटीतला तो लाकडी पूल तेवढा मला आवडला. झाडं चिखलात उभी आहेत तरी पानं कशी इस्त्री केल्यासारखी!

शेवटी एक चांगली बातमी, मुद्दाम मागे ठेवली होती. निघायच्या सकाळी तू पाहुण्यांना होडीतून फिरवायला गेलास, तेव्हा मी नुसती बसून काय करणार? तुझ्या ओसरीवर पसरट तसराळ्यांत खाऱ्या पाण्यात भाजक्या मातीच्या फरश्या बुडवून ठेवल्या होत्यास. शी! काय ती दशा! शेवाळ काय, चिकट गोळे काय, बारीक बारीक शिंपल्यांची पुटं काय. भिजत घातल्यास आणि विसरलास, दुसरं काय. तारेची घासणी घेतली, तुझ्या मोरीतला धुण्याचा सोडा घेतला आणि एकूण एक लख्ख केली. मागे कोणीतरी रंगानं आकडे टाकले होते, तेही निघाले. थोडा जोर लागला, पण निघाले. उन्हात वाळवून आतल्या दाराआड रचून ठेवल्यात. एवढ्यात मोरीला बसवून घे.

बस सुटायच्या गडबडीत सांगायचं राहून गेलं. आता सापडल्या असतील.

राहता राहिली माझी नेहमीची भुणभुण. निवृत्तीचं वय होऊन गेलं तुझं. तूच म्हणालास की साहेबांनी अजून ठेवून घेतलंय ते फक्त शिंपलेवाल्या बाईंच्या कामापुरतं, धक्क्याखाली त्यांचं काहीतरी टांगलेलं असतं ते वर काढायला नि खाली सोडायला. मग ते संपलं की ये ना घरी. तुझे भाऊजी गेल्यापासून वरची खोली रिकामी आहे. एकट्यानं त्या वाऱ्यात किती दिवस काढणार? विचार कर.

तुझी अक्का

२५ फेब्रुवारी

अक्कास सादर नमस्कार.

पत्र मिळालं. गुडघा बरा. खोकला गेला. तांडेलाची दाढ निघाली, पण शेजारची दुखायला लागली. बाईंचं नाक बरं आहे. मांजरीला चार पिल्लं, तू दिलेल्या नव्या सदऱ्यावर.

फरश्या सापडल्या. इतक्या स्वच्छ फरश्या मी जन्मात पाहिल्या नव्हत्या. बाईंनीही पाहिल्या नव्हत्या. त्या बराच वेळ नुसत्या बघत उभ्या होत्या.

तू खोलीचं लिहिलं होतंस. योगायोग बघ, बाईंचं ते काम सध्या थांबलंय, आणि साहेब म्हणाले की मार्चअखेरीनंतर मला इथं ठेवायचं काही कारण उरत नाही. त्यांचंही बरोबर आहे. नियम तो नियम. क्वार्टर एप्रिलच्या मध्यापर्यंत रिकामं करायचंय. तेव्हा तुझी खोली अजून रिकामी असेल तर येतो म्हणतो.

मांजर आणू का? तिला माणसांपेक्षा मासे आवडतात, पण शिकेल.

तू उगाच कारणं शोधत बसू नकोस. वय झालं, एवढंच कारण. आणि माझ्या मोरीतला किती सोडा ओतलास गं? माझ्या ओसरीवर अजून पाय घसरतो.

तुझा
टिल्ल्या

६ मार्च

चिरंजीव टिल्ल्यास अनेक आशीर्वाद.

अरे, पत्र वाचलं आणि हातातली इस्त्री तशीच ठेवली. कोणाच्या तरी पायजम्यावर त्रिकोण उठलाय. सूनबाईनं माझ्याकडे पाहिलं, मी तिला पत्र दिलं, आणि ती म्हणाली, "पायजम्याचं बघून घेऊ आपण." शहाणी पोरगी आहे.

शेवटी तुला अक्कल आली तर! इतकी वर्षं मी घसा कोरडा केला तेव्हा नाही, आणि एकदा मी येऊन तुझी ओसरी धुतली तर लगेच घरची आठवण झाली. आधीच आले असते.

खोली कालपासून रंगवायला घेतलीय. रंग कुठला म्हणून विचारू नकोस. निळा नाही. निळा तू पुष्कळ पाहिलास. सुताराला बोलावून पलंग पायाकडून वाढवून घेतला. तो म्हणाला, "माणसासाठी की उंटासाठी?" मी म्हटलं, "उंटाचं माप घ्या, सोय होईल." खिडकी गल्लीत उघडते, समोर शिंप्याचं दुकान आहे, दिवसभर माणसं दिसतात. पाणी नाही दिसत, पण पाण्याच्या टाकीचा आवाज येतो. मांजर आण. सगळी पिल्लंही आण.

तुझं पत्र मात्र कोरडं वाटलं रे. विनोद होते, पण कसे? धुतलेल्या कपड्यात ओलावा राहिला की वरून वाळलेला दिसतो ना, तसे. जागा सोडायची म्हटली की वाटणारच. दोन महिने जड जातील, मग तू आमच्यातला एक होशील. तुला दुकानात बसवीन. गिऱ्हाइकांना "हात लावू नका" म्हणत जा.

त्या बाईंनाही मी चार ओळी लिहिल्यात. म्हटलं, आमच्याकडे एकदा याच, माझ्या भावाला इतकं सांभाळलंत. तुझ्या परवानगीवाचून लिहिलं, रागावू नकोस. रागावलास तरी आता इथंच येऊन रागावायचंय तुला.

तुझी अक्का

१५ मार्च

आदरणीय अक्का,

तुमचं प्रेमळ पत्र मिळालं. नाकाची चौकशी पोचली. तुम्ही सांगितलेलं खोबरेल लावतेय. आमंत्रणाबद्दल मनापासून आभार.

तुम्ही मोकळेपणानं लिहिलंत म्हणून मीही एक मोकळं विचारते. हे पत्र तुमच्या भावाला, म्हणजे आमच्या भाऊंना, दाखवू नका.

धक्क्याखाली आम्ही मातीच्या खरखरीत फरश्या दोरीनं टांगून ठेवतो. समुद्रातली अगदी लहान पिल्लं, कालवांची, स्पंजांची, तऱ्हेतऱ्हेची, पाण्यात वाहत वाहत येतात आणि त्यांवर घर करतात. कुठली आली, किती जगली, कोण कोणाला ढकलून मोठं झालं, हे आम्ही बघतो. त्यावरून कळतं की हा किनारा राखीव केल्यावर खरंच काही बरं होतंय की नुसत्या पाट्या लागल्यात. भाऊंनी त्या फरश्या लेकरांसारख्या जपल्या. वादळ असलं तर ते झोपायचे नाहीत. गेल्या महिन्यात मोजणीसाठी त्यांनी त्या वर काढून ओसरीवर समुद्राच्या पाण्यात ठेवल्या होत्या, आणि मी पोचले तेव्हा त्या कोऱ्या होत्या. आकड्यांसकट.

भाऊ साहेबांसमोर उभे राहून म्हणाले, "मीच घासल्या. कशा घासल्या ते आठवत नाही. वय झालं." साहेब तसे कठोर नाहीत, पण ते म्हणाले, ज्याला काय केलं ते आठवत नाही त्याला समुद्राच्या कडेला एकटं कसं ठेवायचं? म्हणून मुदत वाढवली नाही.

माझं काम गेलं त्याचं दुःख आहे, खोटं कशाला सांगू. पण त्याहून मला भाऊंची काळजी वाटते. जो माणूस मला कुठल्या फरशीवर कुठला शिंपला कुठल्या कोपऱ्यात आहे ते डोळे मिटून सांगायचा, तो असं कसं विसरेल? त्यांना डॉक्टरकडे न्यायला हवं का? तुम्ही त्या सकाळी तिथेच होतात. तुम्ही त्यांना फरश्या घासताना पाहिलंत का? ते तेव्हा कसे वागत होते?

भाऊ आता संध्याकाळी धक्क्यावर जाऊन बसतात. सामान बांधायला घेतलेलं नाही.

तुमची,
शिंपलेवाली बाई
(भाऊंकडून कळलं, तुम्ही मला हेच म्हणता. मला आवडलं.)

२३ मार्च

राखीव किनाऱ्याचे मोठे साहेब यांना, एका लाँड्रीवालीचा नमस्कार.

साहेब, आपली ओळख नाही, म्हणून प्रकृती विचारत नाही. बरी असावी. माझं पत्र वाचून बिघडू देऊ नका.

तुमच्या राखणदाराची मी थोरली बहीण. फरश्या त्यानं घासल्या नाहीत. मी घासल्या. तो त्या वेळी पाण्यावर होता, काचेच्या होडीत पाहुणे घेऊन. तांडेलाला विचारा. त्याला न सांगता, न विचारता मी घासणी घेतली आणि सोडा घेतला, आणि परत येताना गाडीत मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत आले. एवढंच नाही, पत्र लिहून त्याला शाबासकीही मागितली. त्यानं दिली. त्याच्या पत्रात एक शब्द मला कळला असता तर! पण तो असा आहे की ताकास तूर लागू देत नाही.

मी जन्मभर धुण्याचं काम केलं. जे दिसलं ते धुतलं. मला डाग दिसला की माझे हात शिवशिवतात, आणि घाण नाही असं काही असतं हे मला माहीतच नव्हतं. तो पाहुण्यांना दिवसभर "हात लावू नका" म्हणून सांगत होता. मीही ऐकत होते. मला वाटलं, ते पाहुण्यांना आहे. मी त्याची बहीण, मला कशाला लागू होईल?

माझ्या भावाची आठवण शाबूत आहे. त्याला माझ्या लग्नात मी त्याला मारलेली चापट आठवते, कुठल्या गालावर तेही आठवते. डोकं बिघडलंय असं त्याला कोणी म्हणू नये. तुम्हाला हवं तर येऊन तपासा, मी गाडीभाडं देते.

आता एक गोष्ट सांगते, म्हणजे मी साधीभोळी आहे असं समजू नका. त्याला घरी आणावं म्हणून मी किती वर्षं मागे लागलेय. खोली रंगवून झाली, पलंग वाढवून झाला. तुम्ही हे पत्र फाडून टाकलंत तर माझा फायदाच आहे. बाईंचं पत्र आल्यावर तीन दिवस मी गप्प बसले ते याच कारणानं. सूनबाई विचारत होती, "आई, काय झालं?" आणि मी म्हणत होते, काही नाही. मग माझं मलाच ऐकू आलं आणि आठवलं, आमच्या घराण्यात "काही नाही" म्हणजे काय ते.

त्याला ठेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण माझ्या हातानं झालेल्या गोष्टीसाठी त्याला काढू नका. काढायचंच असेल तर मला काढा. तुमच्या किनाऱ्यावर मला पुन्हा पाऊल टाकू देऊ नका, मी कुरकुरणार नाही. म्हणजे, कुरकुरेन, पण घरी.

बाईंना वेगळं लिहिलंय. त्यांची माफी कशी मागायची ते मला सुचलं नाही, म्हणून नुसतं "मी घासल्या" असं लिहिलं आणि सही केली.

आपली नम्र,
राखणदाराची अक्का

२ एप्रिल

अक्का,

नमस्कार वगैरे मागाहून. हे तू काय केलंस?

साहेबांनी मला बोलावलं. टेबलावर तुझं पत्र. "बसा," म्हणाले. त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचायला घेतलं. दारात तांडेल उभा, त्याच्या मागे संग्रहालयाची तिकिटं फाडणारा, आणि बाई कपाटाकडे तोंड करून. चापटीच्या ओळीला तांडेलानं मला विचारलं, "कुठल्या गालावर?" मी म्हटलं, डाव्या.

साहेब म्हणाले, "तुम्हाला बहीण आहे हे सांगितलं नव्हतंत."

"आहे, साहेब."

"थोरली?"

"फार थोरली."

"मग खोटं का बोललात?"

मी म्हटलं, "साहेब, तुम्ही तिला भेटलायत का?"

"नाही."

"म्हणून विचारताय."

मग मात्र ते हसले. आणि बाई कपाटाकडे तोंड करून हसत होत्या की रडत होत्या, ते मला अजून कळलेलं नाही. नंतर म्हणाल्या, "भाऊ, मला तुमच्या डोक्याची इतकी काळजी लागली होती की मी फरश्यांचं दुःखच नीट केलं नाही. आता करते." आणि दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. ते बरोबरच आहे. त्यांचं जे गेलं ते गेलं, अक्का. ते मी तुला गोड करून सांगणार नाही. पण तिसऱ्या दिवशी त्या नव्या फरश्यांचा गठ्ठा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "पहिल्यापासून." आम्ही दोघांनी त्या दोऱ्यांना बांधल्या आणि सोडल्या. पहिल्यापासून म्हणजे शेवटापर्यंत कोणीतरी हवं, म्हणून साहेबांनी मुदत वाढवली. या वेळी एक एक वर्ष नाही, काम पुरं होईपर्यंत.

फाटकावर नवी पाटी लागलीय. "येथील कोणत्याही वस्तूस हात लावू नये, घासू नये." घासू नये! लोक थांबून वाचतात आणि मला विचारतात, इथं कोण घासतं? मी सांगतो, आमच्याकडे एक बाई आल्या होत्या.

मी तुला का नाही सांगितलं, तर ऐक. इतकी वर्षं बोलावून तू एकदा आलीस. तुला कळलं असतं की तुझ्या हातून काय झालं, तर तू पुन्हा कधी आली नसतीस. मी ओळखतो तुला. स्वतःच्या एका डागासाठी तू सगळं गाव टाकशील. मला वाटलं, नोकरी जाणारच होती, आज ना उद्या. बहीण तरी राहू दे.

आता खरं विचारतो, आणि चेष्टा नाही. पलंग वाढवलास, खोली रंगवलीस. साहेबांनी ठेवून घेतलं असलं तरी मी बांधलेला नाही. तांडेलाला फरश्या बघायचं शिकवता येईल. तू म्हणालीस तर येतो. ये म्हणतेस का?

तुझा
टिल्ल्या

१० एप्रिल

चिरंजीव टिल्ल्यास अनेक आशीर्वाद.

वरची खोली दिली.

दवाखान्यात काम करणाऱ्या एक सिस्टर आहेत, बरेच दिवस सूनबाईकडे जागेची चौकशी करत होत्या. तुझं पत्र दुपारी आलं, ते वाचून मी तशीच चपला घालून त्यांच्याकडे गेले आणि म्हटलं, "सामान आणा." त्या म्हणाल्या, "पुढच्या आठवड्यात आले तर चालेल?" मी म्हटलं, चालणार नाही, आजच या. पुढच्या आठवड्यापर्यंत मी थांबले असते तर तुला काय लिहिलं असतं ते मला माहीत आहे. आणि तू आला असतास. हेच तर तुझं वाईट आहे.

सिस्टर जेमतेम माझ्या कानापर्यंत येतात. पलंगावर त्या अशा दिसतात जशी मोठ्या पिशवीत एक मोजा. उरलेल्या भागावर त्यांनी पुस्तकं ठेवलीत. रंग त्यांना आवडला. दोन माणसांना पुरेल इतकं बोलतात. काल रात्री जेवताना मी हसले, तर सूनबाई म्हणाली, "आई, बऱ्याच दिवसांनी." तेव्हा माझी काळजी करू नकोस.

सूनबाई दुकानातून विचारतेय की तुला रागावून लिहितेय का. रागावूनच लिहितेय. "बहीण तरी राहू दे" म्हणे! बहीण कुठं जाणार होती रे? तुझ्या जन्माआधीपासून आहे मी.

मी जन्मभर लोकांचे कपडे हाताळले. कुठला सदरा कोणाचा ते गठ्ठ्यातून न बघता सांगते. अंगावर बसलेला कपडा वेगळाच असतो, खांदा धरतो, कोपराला सैल पडतो. तुला मी इथं आणलं असतं तर तू दुसऱ्याचा सदरा घातल्यासारखा या घरात वावरला असतास, आणि एक दिवसही बोलला नसतास. तिथला तुला बसलाय. मी तो उसवणार नाही.

म्हणून आता तुला यायचं म्हटलं तरी जागा नाही. तिथेच राहा.

बाईंचं मला पत्र आलं. त्यात फक्त एवढंच, "तुम्ही घासल्यात, हे मी कोणाला सांगणार नाही, कारण सगळ्यांना माहीत आहे." त्यांना सांग, मी ते दोनदा वाचलं आणि मगच झोपले.

तुझ्या पाटीला मी घाबरत नाही. पावसाळा संपून पाणी निवळलं की येते, सूनबाईलाही आणते. तिला मी काय केलं ते आधी सांगितलंय, म्हणजे तिथं गेल्यावर तांडेलाकडून नको कळायला.

उत्तर लवकर टाक. तू येणार नाहीस हे ठरल्यावर मला आता पत्राचीच वाट बघायची आहे, तेव्हा दोन ओळींत गुडघा नि खोकला उरकू नकोस. नव्या फरश्यांवर पहिला कोण येऊन बसला, ते मला सगळ्यांत आधी कळव.

तुझी अक्का